फिल्म साफ होती

मस्कत,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय नूर,

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं कापायची आहेत. अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पलीकडचं. आतल्या हाडाला इन्फेक्शन झालंय. आज संध्याकाळी पाचच्या आत मी संमतीच्या कागदावर सही केली, तर उद्या सकाळची पहिली केस माझी. नाही केली, तर पुढच्या वेळी नुसत्या बोटांवर भागेल याची खात्री डॉ. हिबा देणार नाहीत. आत्ता दुपारचे सव्वादोन झालेत. हे सगळं सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण माझी सवय तुला माहीत आहे. मी बोल्टचा साइज सांगत बसतो आणि पाइप कुठून कुठे जातोय ते ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. ज्याचा गुडघ्याखालचा पाय गेला त्याच्यापुढे दोन बोटांचं रडगाणं गाणं बरं दिसत नाही, हेही कळतं मला. तरी तुलाच लिहितोय. दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नाही.

शनिवारपासून तो कागद तीनदा माझ्यापुढे आला. पहिल्यांदा माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं, परत पाठवला. दुसऱ्यांदा वरच्या ओळीत 'डावा पाय' होतं आणि खाली नुसतंच 'पाय'. मी सिस्टरला म्हटलं, ड्रॉइंगवर असं अर्धवट लिहिलेलं असतं तर मी तुमची पाइपची लाइन उभी राहू दिली नसती. शीला नाव तिचं, कोट्टायमची आहे, वयाने आपल्या हेझलपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. तिने कागद घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "अंकल, सध्या लाइन आडवी आहे, ती तुमची." खोलीतले सगळे हसले. तिसऱ्यांदा कागद आला तो बिनचूक. अर्धा तास शोधलं, पण परत पाठवायला साधं एक टिंब सापडलं नाही. तेव्हापासून तो माझ्या उशाजवळच्या कपाटावर पाण्याच्या बाटलीखाली आहे.

वैतागलोय मी, नूर. सहा दिवस झाले या पलंगावर. सलाइन दिवसातून तीनदा, त्याची वेळ सहा, दोन आणि दहा. पण दोनचं सलाइन कधी दोनला लागत नाही. मी वहीत वेळा लिहून ठेवतो तर राउंडचा डॉक्टर मला विचारतो, तुम्ही ऑडिटर आहात का. सिसिलिया रोज साडेअकराला अल् घुब्राच्या घरून डबा घेऊन येते. दुधीची भाजी, बिनतेलाचा बांगडा, दोन पातळ चपात्या. डबा उघडते, समोर ठेवते, आणि खिडकीबाहेर गाड्या पार्क होतात ते बघत बसते. पायाबद्दल सहा दिवसांत तिने अवाक्षर काढलेलं नाही. काल मीच म्हटलं, अगं काहीतरी बोल, भांड तरी. तर म्हणाली, "मी ऑगस्टमध्ये बोलले होते. तेव्हा तुम्ही मला व्ह्यूअरचा दिवा लावून शिकवणी दिली होती." आणि डबा बंद करून निघून गेली. हेझल पुण्याहून फोन करते, अर्धं इंग्लिशमध्ये रडते आणि शेवटी तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणते, "डॅडी, सही कर ना." पोरीला अजून बापाला 'करा' म्हणायचं शिकवता आलं नाही मला.

ऑगस्टमध्ये झालं ते असं. सोहारच्या यार्डात आठ इंची लाइनचं काम चालू होतं. वायर ब्रशने जॉइंट घासतात, त्याचे तुटलेले तारेचे तुकडे जमिनीवर पडतात, तुला सांगायला नको. असा एक तुकडा माझ्या सेफ्टी शूमध्ये गेला. बाहेरून सोल फोडून नव्हे, वरून, मोज्याला चिकटून. लांबी अकरा मिलिमीटर, मी नंतर मोजली. तो तुकडा माझ्या बोटाच्या खाली घुसला आणि मी त्यावर चार दिवस चाललो. शिड्या चढलो, स्कॅफोल्डिंगवर उभा राहिलो. कळलंच नाही. शुगरने पायाची जाणीव गेलेली होती आणि ती गेल्याचीही जाणीव नव्हती. गुरुवारी संध्याकाळी घरी आलो, मोजा काढला, तो तळाशी ओला होता. सिसिलियाने बोट पाहिलं आणि म्हणाली, हे सॉसेजसारखं का झालंय? लाल, फुगलेलं, गुळगुळीत. दुखतंय का, म्हणाली. मी म्हटलं, अजिबात नाही. ही गोष्ट मी चांगली बातमी म्हणून सांगितली तिला.

रविवारी कामावर गेल्यावर सोहारच्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला. हल्ली ते सीडी देतात, मी हट्टाने फिल्म मागून घेतली. तिथला डॉक्टर तरुण होता. फिल्ममध्ये काही दिसत नाही म्हणाला, पण जखम खोल वाटते, शुगर आहे, तुम्ही मस्कतला मोठ्या डॉक्टरला दाखवा, एमआरआय करून घ्या, आणि चिठ्ठी लिहून दिली. मी मनात म्हटलं, दिसत नाही म्हणतो आणि वर पाठवतो, याला फिल्म वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी फिल्म व्ह्यूअरवर, वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्मा बघायच्या माझ्या दिव्यावर, लावली. दोन्ही बाजूंनी पाहिली, भिंगाने पाहिली. हाडाच्या कडा अखंड, कुठे काळं नाही, कुठे खड्डा नाही. वहीत रीतसर नोंद केली: डावा पाय, दोन फिल्म, बोट क्रमांक दोन आणि तीन, दोष नाही, स्वीकार. चिठ्ठी खणात टाकली आणि बूट घातले. सिसिलियाला घरच्या लहान व्ह्यूअरवर फिल्म दाखवून समजावलं, हे बघ, माल कमी झाला की तिथे फिल्म काळी पडते, इथे काळं आहे का? नाही ना? मग झालं.

तू म्हणशील, हा माणूस वेल्डिंगच्या फिल्मा बघतो आणि हाडावर निकाल देतो. तूच असं म्हणणार नाहीस खरं म्हणजे, बाकी कोणीही म्हणेल. नववी नापास माणूस मी. वसईत काकाच्या गॅरेजमध्ये ग्रिलं जोडत होतो. मस्कतला हेल्पर म्हणून आलो, फिल्मच्या खोलीत पाण्याच्या टाक्या धुवायला लागलो, आणि धुता धुता बघायला शिकलो. डिक्शनरी घेऊन इंग्लिश पुस्तकं वाचली, चौतिसाव्या वर्षी फिल्म वाचायची लेव्हल टूची परीक्षा दिली, पहिल्याच फटक्यात पास. डिग्रीवाले इंजिनिअर माझ्या सहीसाठी खोलीबाहेर उभे राहतात. मी रिजेक्ट म्हटलेला जॉइंट कापून बघितला आणि आत दोष निघाला नाही, असं बावीस वर्षांत दोनदा झालंय. दोन्हींची तारीख सांगू शकतो. हे बढाई म्हणून लिहीत नाही, किंवा थोडी बढाई म्हणूनही लिहितो. पण या दिव्यापुढे बसून मला वाटायला लागलं होतं की जे आहे ते फिल्मवर येतंच, आणि फिल्मवर आलेलं मला दिसतंच.

सप्टेंबरभर मी पट्टी बांधून कामावर गेलो. जखम बाहेरून बंद व्हायची, पुन्हा उघडायची. या महिन्याच्या आठ तारखेला ताप आला, एकशे दोन पॉइंट चार, आणि तिसरं बोटही फुगलं. सिसिलियाने मला न विचारता टॅक्सी बोलावली. इथे डॉ. हिबांनी फिल्मा नंतर बघितल्या. आधी एक बोथट स्टीलची सळई घेतली, बारीक, विणायच्या सुईएवढी, आणि हळूच जखमेत घातली. मला दुखलं नाही, पण मला ऐकू आलं. खट्. म्हणजे कानाला आलं की पायातून वर आलं ते सांगता येत नाही, पण लोखंडावर लोखंड लागल्याचा स्पर्श मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे हाड. सळई हाडाला लागली म्हणजे बहुतेक वेळा इन्फेक्शन हाडात शिरलेलं असतं." एमआरआय नंतर झाला, रक्त तपासलं, सगळं जुळलं. पण निकाल त्या सळईनेच लागला होता. दोन रुपयांची सळई, नूर. माझा व्ह्यूअर जर्मन आहे.

मी भांडलो. माझी ऑगस्टची फिल्म घरून मागवली, त्यांच्यापुढे धरली, म्हटलं दाखवा यात काय आहे ते. त्यांनी शांतपणे खिडकीकडे धरली, दोन मिनिटं नीट पाहिली. म्हणाल्या, तुम्ही बरोबर वाचलीत, यात काही नाही. हाडातला तीस-चाळीस टक्के चुना गेल्याशिवाय एक्स-रेत दिसत नाही, आणि तो जायला दोन-तीन आठवडे लागतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात बघितलंत. त्या मूळच्या सूर बंदराच्या. आजोबा लाकडी जहाजं बांधायचे. तर सांगत होत्या की आजोबा फळी निवडताना डोळ्यांनी बघायचेच नाहीत, आधी मोठ्या खिळ्याने टोचून बघायचे, कारण लाकूड आतून कुजायला लागतं तेव्हा वरून छानच दिसतं. मला राग आला. राग यासाठी आला की मी हेच प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. फिल्मला सगळं दिसत नाही. चीर जर किरणांना आडवी असेल तर फिल्म साफ येते आणि पाइप फुटतो, म्हणून जिथे शंका तिथे दुसरी तपासणी करायची. माझ्याच अक्षरात लिहून खोलीच्या दारावर लावलंय ते. पोरं पाठ म्हणतात.

आणि त्याच दाराबाहेर दुपारी रांग लागायची, आठवतं? उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन बाहेरचं काम बंद असतं, आणि अख्ख्या यार्डात थंड आणि अंधारी जागा म्हणजे माझी फिल्मची खोली. पहिल्यांदा कोणीतरी मोडलेल्या हाताची फिल्म घेऊन आलं, मी दिव्यावर लावून चीर दाखवली, आणि मग लाइनच लागली. छातीच्या फिल्मा, कंबरेच्या, दाढांच्या. बंगाली, पठाण, आपली रत्नागिरीची पोरं. डॉक्टरने काय सांगितलं ते कोणाला समजायचं नाही, समजलं तरी पटायचं नाही, आणि मास्तरने, म्हणजे मी, दिव्यावर बघितलं की पटायचं. तू दारात बसून आवाज द्यायचास, "यल्ला, पुढचा पेशंट, मास्तर आज फक्त कंबर बघणार." फोरमन एकदा तुला म्हणाला, हा काय धंदा लावलाय, तर तू म्हणालास, "सायब, डॉक्टर पाच मिनिटं बघतो, आमचा मास्तर फुकट दहा मिनिटं बघतो." मी तुला रागावलो खरा, पण ते वाक्य मी सिसिलियाला घरी येऊन सांगितलं होतं. दोनदा.

आज सकाळची गोष्ट ऐक, कारण तिच्यामुळे हे पत्र सुरू झालं. शेजारच्या पलंगावर हुसैनमियाँ म्हणून म्हसळ्याकडचे एक ड्रायव्हर आहेत, साठीचे. त्यांचा मेव्हणा आला होता, हातात स्वतःच्या खांद्याची फिल्म. मियाँनी माझी कीर्ती त्याला आधीच सांगून ठेवलेली. मेव्हण्याने फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि म्हणाला, "भाईसाब, जरा बघा हो, डॉक्टर म्हणतो अजून एक टेस्ट करा. करू का सोडू? तुम्ही म्हणाल तसं." काच स्वच्छ होती, ऊन चांगलं होतं, फिल्मही बरी निघाली होती. मला पलंगावरूनही सांध्याची रेघ दिसत होती. आणि मी मान दुसरीकडे वळवली. म्हटलं, मला यातलं कळत नाही. डॉक्टर म्हणतो ती टेस्ट कर. तो हसला, म्हणाला, मियाँ तर म्हणत होते तुम्हाला सगळं कळतं. मी इतक्या जोरात ओरडलो त्याच्यावर की शीला धावत आली. खलास, निघ, टेस्ट कर जा. बिचारा फिल्म गुंडाळत बाहेर गेला. नंतर मी हुसैनमियाँची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या, पाय दुखत असेल तुमचा." पाय दुखत नाही, हीच तर भानगड आहे.

आता तुझ्या फिल्मबद्दल. तू कधीच काढला नाहीस तो विषय, म्हणून मीच काढतो. सोमवार, १८ जुलै २०२२, बकरीदच्या नंतरचा आठवडा. दुपारी एकच्या सुमाराला तू खोलीत आलास. त्या दिवशी दारात बसून आवाज दिला नाहीस, रांगेत उभा राहिलास. उजव्या पायाचा अंगठा. फिल्म माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "मास्तर, बघ रे जरा. डाक्टर मस्कतला धाडतोय. गुरुवारची तारीख मिळालीय, सकाळी आठची. जाऊ का नको?" मी फिल्म दिव्यावर लावली आणि म्हटलं, साफ आहे. काही नाही यात. घाल बूट. तरी तू म्हणालास, पण तो बोलला गोड्या पेशंटचं, शुगरवाल्याचं, लवकर बघावं लागतं. मी फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या पेन्सिलीने 'स्वीकार' लिहिलं, खाली माझी सही केली आणि तुला परत दिली. तू हसलास. म्हणालास, मास्तरची सही झाली, आता डाक्टरची कशाला. गुरुवारी तू मस्कतला गेला नाहीस. ऑगस्टच्या तेवीस तारखेला तुला यार्डातून उचलून नेलं, आणि सप्टेंबरमध्ये गुडघ्याखाली पाय काढला.

सकाळी मेव्हणा गेल्यावर मी वही उघडली तेव्हा लिहायचं काही वेगळंच ठरलं होतं. असं लिहायचं होतं की नूर, बघ, मी स्वतःच्या पायाच्या बाबतीतही हीच चूक केली, तीच फिल्म, तोच निकाल, म्हणजे तुझ्या वेळी माझ्या मनात काही नव्हतं. अज्ञान होतं. जे तुला सांगितलं तेच मी स्वतःला सांगितलं, आणि आता माझीही बोटं चालली, फिटंफाट. दोन पानं लिहिली अशी. वाचून पाहिली, भाषा चांगली जमली होती. मग फाडून टाकली, कारण तपशिलात चूक होती, आणि तपशिलातली चूक मला चालत नाही.

माझी फिल्म मी वीस मिनिटं पाहिली. साध्या जॉइंटची फिल्म मी कमीत कमी चार मिनिटं बघतो. तुझी फिल्म मी अर्धा मिनिटही पाहिली नाही. भिंग टेबलावर होतं, हातात घेतलं नाही. फिल्म लावण्याआधीच मला ती साफ हवी होती. त्या आठवड्यात शटडाउन होतं, बावीस तारखेला लाइन द्यायची होती, अठ्ठावीस जॉइंट वेल्ड करायचे राहिले होते आणि ते वरच्या आडनिड्या जागेतले जॉइंट तुझ्याशिवाय कोणाच्या हातून पहिल्या फटक्यात पास होत नव्हते. तू गुरुवारी मस्कतला गेला असतास तर तुला परत पाठवलं नसतं त्यांनी, हे मला कळत होतं. डॉक्टरला जे कळलं त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. लाइन एकवीसलाच पूर्ण झाली. एक दिवस आधी. एकही रिपेअर नाही. कंपनीने मला सर्टिफिकेट दिलं, त्यावर तुझं नाव नाही.

त्याहून वाईट नंतरचं आहे. तू इथल्या इस्पितळात होतास तेव्हा सुरैयाभाभींचा दाभोळहून फोन आला. रडत नव्हत्या, कडक आवाजात विचारत होत्या. "कॉस्मासभाई, तुम्ही रोज बरोबर असता. ह्यांना डॉक्टरने तारीख दिली होती असं कळलं. का गेले नाहीत?" मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, भाभी, काय सांगू, वेळेवर दाखवायला हवं होतं त्याने. दाखवायला हवं होतं. तू मला दाखवलं होतंस, नूर. त्या म्हणाल्या, नेहमीचंच आहे ह्यांचं, बेफिकीर माणूस, जुनैदच्या शिक्षणाचा तरी विचार करायचा. मी म्हटलं, हो ना. आणि फोन ठेवला. गेल्या वर्षी जुनैदच्या लग्नाला आलो होतो तेव्हा ऐकलं, अजून त्या तुला तेच ऐकवतात. चारचौघांत, पानं वाढताना, तू कुबडी शोधत होतास तेव्हा: "डॉक्टरच्या तारखेला गेले असते तर आज ही वेळ आली नसती." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू म्हणालास, "मास्तरला भात वाढ." तीन वर्षं तू भाभींना सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस ते मला विचारायचंही नाही, कारण तू काहीतरी मोठ्या मनाचं बोलशील आणि मला आणखी संताप येईल. तुझ्या त्या भल्या मनाने माझं डोकं उठलंय. मला तुझ्याकडून दोन शिव्या हव्या होत्या आणि तू दर रमजानला खजूर पाठवतोस. ओमानमध्ये राहणाऱ्या माणसाला खजूर.

आता साडेचार झालेत. हे तुला फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनही वेळा माशांचा भाव विचारून फोन ठेवला. पत्र यासाठी लिहिलं, की ते कोणाला तरी हातात धरून वाचता येतं. हुसैनमियाँचा मेव्हणा, तोच, शुक्रवारी मुंबईला जातोय, तिथून पोस्टात टाकेल. दिवसभर विचार केला की तू हे वाचशील आणि काय करशील, आणि दर वेळी एकच उत्तर आलं: घडी घालशील, खिशात ठेवशील, आणि भाभींना म्हणशील की मास्तरने तब्येत विचारलीय. म्हणून पाकिटावर मी तुझं नाव घातलेलं नाही. सौ. सुरैया नूरुद्दीन, मु. पो. दाभोळ, असं आहे. भाभी मराठी शाळेत शिकल्यात, माझं अक्षर त्यांना लागेल. तू ही ओळ वाचतोयस तेव्हा त्यांनी सगळं आधी वाचलेलं असेल आणि तू डॉक्टरच्या तारखेला का गेला नाहीस ते त्यांना कळलेलं असेल. तुला न विचारता केलं. राग येईल, येऊ दे. बाहेर डॉ. हिबांचा आवाज येतोय, शीला बाटली उचलून कागद माझ्यापुढे सरकवतेय. एक सही इथे करतो, दुसरी तिच्या कागदावर.

तुझाच,
कॉस्मास